डोळा लाल, पू दुसरीकडेच

पोरी, तू फोनवर डोळ्यांत घालायच्या थेंबांची नावं विचारलीस. ती मी सांगणार नाही. घरात मधुमेही सासरे, बारा महिने नाक वाहणारं सहा वर्षांचं पोर आणि आषाढभर लावणीच्या चिखलात उभा असणारा नवरा असल्यावर थेंबांची नावं पाठ करून काय करशील? त्यापेक्षा डोळा लाल झाला की अंगावर कुठे कुठे बघायचं, ते शिकून घे.

आम्हाला शिकवणारे एक वयस्क नेत्रतज्ज्ञ होते. लाल डोळ्याचा पेशंट समोर बसला की बॅटरी हातात घ्यायच्या आधी ते म्हणायचे, "मोजे काढा." मग पायाच्या बोटांच्या बेचक्या बघायचे, मानेवरची करटं, किडलेल्या दाढा, सलाईन लावलेल्या हाताची शीर. लघवीला जळजळतं का, मागच्या महिन्यात ताप आला होता का, हे विचारून झालं की मग डोळ्याची पाळी. आम्ही पोरं मागे उभी राहून हसायचो. पुढे तालुक्याच्या गावी दवाखाना टाकल्यावर या सवयीचा जेवढा उपयोग झाला, तेवढा जाडजूड पुस्तकांचा झाला नाही.

कारण साधं आहे. डोळ्याच्या आतल्या पडद्यामागे रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. अंगात कुठेही पू साठला आणि त्यातले जिवाणू रक्तात उतरले, तर ते फिरत फिरत डोळ्यात जाऊन बसू शकतात. डोळ्याच्या आत असा पू होण्याला एंडॉफ्थॅल्मायटिस म्हणतात. बहुतेक वेळा हा आजार बाहेरून येतो, म्हणजे ऑपरेशननंतर किंवा काटाकाडी घुसून. रक्तातून झालेले रुग्ण त्यात शंभरात दोन ते आठ. तेव्हा प्रत्येक करटाला घाबरून रात्र जागवू नकोस. पण इतका क्वचित दिसतो म्हणूनच तो पटकन कोणाच्या लक्षात येत नाही. 'डोळे आलेत' म्हणून चार दिवस थेंब घातले जातात, आणि जिवाणू जहाल असला तर तेवढ्यात पडद्याचं कायमचं वाटोळं झालेलं असतं.

घरच्या घरी फरक कसा ओळखायचा? डोळे आले असतील तर चिपडं येतात, सकाळी पापण्या चिकटतात, डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपतं, आज एक डोळा तर परवा दुसरा, आणि घरातल्या नाहीतर शाळेतल्या आणखी कोणालातरी आलेलेच असतात. मुख्य म्हणजे चिपडं पुसलं की स्वच्छ दिसतं. आत पू होत असेल तर चिपडं फारसं नसतं. डोळा खोलवर ठणकतो, उजेड सोसत नाही, डोळ्यासमोर धूर भरल्यासारखं वाटतं, काळे ठिपके तरंगतात आणि नजर कमी होते. ताप असतो किंवा नसतोही. काहींचे दोन्ही डोळे बिघडतात, पण सुरुवात बहुधा एकाच डोळ्यापासून.

नजर कमी झाली की नाही, हे माणसाला स्वतःला चटकन कळत नाही, कारण दुसरा चांगला डोळा सगळं काम सांभाळून घेतो. त्यासाठी तुझ्या स्वयंपाकघरातलं कालनिर्णय पुरे आहे. माणसाला दहा फुटांवर उभं कर. चष्मा असेल तर चष्मा लावूनच. एक डोळा तळहाताने झाकायला सांग. बोटांनी झाकला तर फटींतून बघतात, आणि तळहात डोळ्यावर दाबायचा नाही, नाहीतर हात काढल्यावर थोडा वेळ सगळं धूसरच दिसतं. तारखेचे मोठे आकडे वाचून घे, मग जवळ बोलावून तिथी-नक्षत्राची बारीक अक्षरं. नंतर दुसरा डोळा. परवापर्यंत दोन्ही डोळे सारखे होते आणि आज एकाला आकडा पुसट दिसतो आहे, एवढं कळलं की थेंबांचा विषय संपला. गाडी काढायची आणि त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरांकडे जायचं.

दुसरी तपासणी बॅटरीची. माणसाला ताठ बसव. मोबाइलचा उजेड कानाच्या बाजूने, तिरका टाक. डोळ्याच्या काळ्या भागाच्या खालच्या कडेला, काचेच्या आत असावी तशी, पांढरट-पिवळी आडवी पट्टी दिसते का बघ. तिची वरची कड सरळ असते. तो खाली बसलेला पू. आडवं झोपवून बघितलंस तर तो पसरतो आणि दिसत नाही, म्हणून बसवूनच बघायचं. पट्टी दिसली नाही म्हणून निर्धास्त मात्र राहू नकोस. पू मागच्या बाजूला असला तर पुढून काहीच दिसत नाही. दिसली, तर मात्र संध्याकाळच्या ओपीडीची वाट बघत बसू नकोस.

आता आमच्या व्याह्यांबद्दल. रक्तातून डोळ्यात जाणाऱ्या पुवाची सगळ्यात मोठी मैत्री मधुमेहाशी. पाठीवरची काळपुळी, पायाची न भरणारी जखम, लघवीतला जंतुसंसर्ग, हृदयाच्या झडपेवरचा संसर्ग आणि यकृतातलं गळू ही त्याची नेहमीची उगमस्थानं. यातलं यकृतातलं गळू नीट लक्षात ठेव. १९८० च्या दशकात तैवानमधल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की क्लेब्सिएल्ला नावाच्या जिवाणूमुळे यकृतात गळू झालेल्या काही रुग्णांचे डोळेही जातात, आणि त्यांतले बरेच जण मधुमेही असतात. नंतर पूर्व आशियात इतरत्र आणि आपल्याकडेही असे रुग्ण दिसले. गंमत अशी (गंमत कसली म्हणा) की पोटाची तक्रार किरकोळ असते, थोडी थंडी वाजते, जेवण जात नाही, उजव्या बरगडीखाली जडपणा असतो. तिकडे कोणी लक्ष देत नाही. डोळ्याने दिसेनासं झालं की मग धावपळ, आणि डोळ्याच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करायला लावल्यावर पोटातलं गळू सापडतं. तेव्हा व्याह्यांना थंडीताप असेल आणि त्यातच एक डोळा लाल होऊन नजर कमी झाली, तर ते दोन आजार समजू नकोस. एकच समज.

अशा वेळी घरातल्या डब्यात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या देऊ नकोस. दवाखान्यात आधी रक्ताचं आणि लघवीचं कल्चर घेतात, कुठला जिवाणू आहे आणि तो कुठल्या औषधाला दबतो हे त्यावरून कळतं. घरी दोन गोळ्या पोटात गेल्या की कल्चरमध्ये बऱ्याचदा काही उगवत नाही, आणि मग डॉक्टरांना अंधारात तीर मारावे लागतात.

डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल, असं डॉक्टर म्हणतील तेव्हा व्याही घर डोक्यावर घेतील. त्यांना समजव. शिरेतून दिलेली बरीचशी औषधं रक्तातून डोळ्याच्या आत पुरेशी झिरपत नाहीत, तिथे शरीराची एक चाळणीच बसवलेली आहे. म्हणून औषध थेट डोळ्यातल्या जेलीसारख्या द्रवात द्यावं लागतं. त्या द्रवाचं सगळं आकारमानच सुमारे चार मिलिलिटर, आणि औषध एका वेळी एक दशांश मिलिलिटर. आधी बधिर करणारे थेंब घालतात, काम काही सेकंदांचं. पण एवढ्यावर भागत नाही. मूळ गळू निचरावं लागतं आणि शिरेतली अँटिबायोटिक काही आठवडे चालतात. डोळ्याचं आणि पोटाचं असे दोन्ही उपचार बरोबरीने चालायला हवेत. कधी डोळ्यातला पू ऑपरेशन करून काढावा लागतो. एवढं सगळं करूनही नजर परत येईलच असं नाही, हे तुला माहीत असलेलं बरं.

आणि ती 'ताकदीची सलाईन' बंद कर. दिवाळीनंतर अशक्तपणा वाटतो म्हणून गावातल्या खाटेवर पडून ग्लुकोज चढवून घ्यायची ही खोड आपल्याकडे काही जात नाही. चंदीगडच्या पीजीआय रुग्णालयातल्या नेत्रतज्ज्ञांनी २००० सालाच्या सुमारास असे रुग्ण नोंदवले होते, ज्यांच्या डोळ्याच्या आत एकदाच घेतलेल्या, बहुधा दूषित असलेल्या ग्लुकोजमधून बुरशी गेली होती. ती बुरशी होती, जिवाणू नव्हते, पण वाट तीच. ताकद भाकरीतून येते, ग्लुकोजच्या बाटलीतून नाही. दवाखान्यात खरोखर गरज म्हणून सुई लावली असेल तर ती जागा रोज बघ. शीर लाल, गरम, दोरीसारखी कडक झाली की सिस्टरला सांगून सुई काढायला लाव.

पोराचं वेगळं. त्याच्या डोळ्याला धोका नाकाकडून आहे. नाकाच्या मुळाशी, दोन डोळ्यांच्या मधे हाडांतल्या छोट्या पोकळ्या असतात. त्या आणि डोळ्याची खोबण यांच्यात जे हाड आहे ते कागदाइतकं पातळ. मुलांमध्ये या पोकळ्या जन्मापासूनच असतात, म्हणून सर्दी चिघळून आत पू झाला की तो खोबणीत उतरायला वेळ लागत नाही. सकाळी पोर उठतं तर एक पापणी सुजून लाल. चावलंय काहीतरी, म्हणून आपण हळद लावून मोकळे.

तेव्हा काय करायचं ऐक. सुजलेली पापणी अलगद दोन बोटांनी उघड. पोराचं डोकं स्थिर धरून त्याच्यासमोर चमचा वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फिरव. डोळा सगळीकडे वळतो का, वळताना दुखतं का? डोक्याच्या मागे उभी राहून वरून खाली बघ, एक डोळा दुसऱ्यापेक्षा पुढे आलाय का? एकाचे दोन चमचे दिसतात का, विचार. डोळा मोकळा फिरतो, दुखत नाही, पुढे आलेला नाही, नीट दिसतं, तर सूज पापणीपुरती आहे. तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचंच, कारण लहान मुलांत ती आत सरकू शकते. यांतलं एकही बिघडलेलं असेल, किंवा सुजेबरोबर ताप असेल आणि पोर मलूल पडलं असेल, तर जिथे सीटी स्कॅनची सोय आहे आणि कान-नाक-घशाचे डॉक्टर आहेत अशा मोठ्या दवाखान्यात थेट ने. तिथे दाखल करून शिरेतून औषधं देतात. उशीर झाला तर पू मेंदूकडे जाऊ शकतो. वरच्या दाढेचा पूही याच रस्त्याने येऊ शकतो, म्हणून पोराची किडलेली दाढ 'दुधाची आहे, पडेल आपोआप' म्हणून सोडू नकोस.

कॉलेजातल्या तुझ्या दिराला एक निरोप दे. नाकावरची आणि वरच्या ओठावरची पुटकुळी आरशासमोर उभं राहून फोडायची नाही. तिथल्या शिरा डोळ्यामागून मेंदूच्या तळाशी असलेल्या मोठ्या शिरेपर्यंत जोडलेल्या आहेत. अँटिबायोटिकच्या काळात त्यातून विपरीत घडणं फार क्वचित, पण घडलं तर जिवावर बेततं.

जावईबापूंकडे येतो. कोकणात लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, नवीन नाही, आणि २६ जुलै २००५ च्या पावसानंतर मुंबईलाही तो चांगलाच कळला. उंदराच्या, गुरांच्या लघवीतले जिवाणू साचलेल्या पाण्यातून आणि चिखलातून पायाच्या भेगांत शिरतात. तापात एक खूण सापडते. डोळे लालभडक, पण चिपडं नाही, पू नाही. आणि पोटऱ्या अशा दुखतात की हात लावू देत नाहीत. लावणीच्या दिवसांत ताप, लाल कोरडे डोळे आणि दुखऱ्या पोटऱ्या एकत्र दिसल्या तर डोळ्यात गुलाबपाणी घालत बसू नकोस, त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात ने. लघवी कमी होण्याच्या आधी औषध सुरू व्हायला हवं.

पण मला सांगायचंय ते याच्या पुढचं. ताप जातो, माणूस कामाला लागतो, गणपती येऊन जातात, आणि नंतर कधीतरी एक डोळा लाल होतो, उजेड खुपतो, समोर जाळं आल्यासारखं दिसतं. तापाशी त्याचा संबंध असेल हे कोणाच्या मनातही येत नाही. १९९३ साली तमिळनाडूत मोठे पूर आले. त्यानंतर मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात डोळ्याच्या आतल्या दाहाचे, म्हणजे युव्हायटिसचे रुग्ण एकदम वाढले. तिथल्या डॉक्टरांनी मागोवा घेतला तेव्हा मूळ निघालं लेप्टोमध्ये. हा दाह तापानंतर काही आठवड्यांनी येतो, कधी काही महिन्यांनी. वेळेत उपचार झाले तर नजर बहुधा चांगली परत येते. इथे उपचार स्टिरॉइडचे असतात, बाहुली मोठी करणाऱ्या थेंबांबरोबर. म्हणून डोळ्याच्या डॉक्टरांसमोर बसल्यावर पहिलं वाक्य हे असायला हवं: "श्रावणात लेप्टो झाला होता." त्यांनी विचारायची वाट बघायची नाही. टायफॉइडसारख्या तापानंतरही दोन-चार आठवड्यांत पडद्याला सूज येऊन मधोमध अंधुक दिसू शकतं. तेव्हाही हेच.

क्षयाबद्दल थोडक्यात. क्षयाचे जंतू डोळ्यात घर करू शकतात आणि घर न करताही डोळ्याला सतावतात. पोराच्या बुबुळाच्या कडेला पांढरट फोडी पुन्हा पुन्हा येत असतील आणि ते उजेडात डोळे उघडत नसेल, तर घरात खोकणारं कोणी आहे का, ते आधी बघायचं. तरुण पोरांना अचानक डोळ्यासमोर जाळी-ठिपके येऊन आत रक्तस्राव होतो, तो एक आजार आपल्या देशात बऱ्यापैकी आहे. बर्मिंगहॅमच्या हेन्री ईल्स यांनी १८८० साली त्याचं वर्णन केलं, आणि त्याचा क्षयाशी संबंध असावा असं मानतात. कोणाला क्षयाच्या गोळ्या सुरू असतील तर त्यांतल्या इथॅम्ब्युटॉलमुळे क्वचित डोळ्याची नस बिघडते, लाल-हिरवा रंग फिका दिसू लागतो. कालनिर्णयवर रविवारचे आकडे लालच असतात. दर महिन्याला एकेका डोळ्याने बघायला सांग, आणि लाल रंग मळकट वाटला तर गोळ्या स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना गाठायचं.

तुझी नणंद बाळंतपणाला येणार आहे म्हणालीस. बाळाचे डोळे पहिल्या दोन आठवड्यांत सुजून त्यांतून पू येऊ लागला तर आईचं दूध, मध, काजळ यांतलं काहीही घालायचं नाही. तो संसर्ग बहुधा आईच्या जननमार्गातून आलेला असतो, आणि त्यातला परम्याचा प्रकार एकदोन दिवसांत बुबुळ भोकसतो. बाळाबरोबर आईबापाचाही उपचार करावा लागतो. लाजून चालत नाही.

व्याह्यांचं मोतीबिंदूचं शिबिर डिसेंबरात आहे. तारीख चुकेल म्हणून लोक पाठीवरचं करट शर्टाखाली लपवतात, दाढदुखी गोळीने दाबतात. तसं करू देऊ नकोस. अंगात कुठेही पू असताना डोळा उघडणं म्हणजे संकटाला आवताण. आणखी एक तपासणी घरीच कर: डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यावर बोट ठेवून हलकेच दाब. पापणीच्या कडेवरच्या बारीक भोकातून पू किंवा चिकट पाणी वर आलं, तर अश्रूंच्या पिशवीत संसर्ग साठलेला आहे. तो बरा केल्याशिवाय ऑपरेशन नाही. मोतीबिंदू बहुधा महिनाभर थांबू शकतो.

औषधाच्या दुकानातल्या पोऱ्याकडून थेंब घेणं हा आपला राष्ट्रीय छंद आहे. त्यांतल्या बऱ्याच बाटल्यांत अँटिबायोटिकबरोबर स्टिरॉइड असतं. घातलं की लाली उतरते, माणूस खूश, आणि आतला पू गुपचूप वाढत राहतो. वर लेप्टोनंतरच्या दाहासाठी स्टिरॉइड चांगलं म्हणालो ते डॉक्टरांनी आत नीट बघून दिलेलं. स्वतःच्या हाताने घातलेल्या स्टिरॉइडने बुबुळावरची जखम चिघळते आणि काचबिंदूही होतो. रांजणवाडी आली तर गरम पाण्यात पिळलेल्या स्वच्छ फडक्याने शेक, तेवढं बस. पुन्हा पुन्हा येत असेल तर साखर तपासून घे.

शेवटचं काम कागदांचं. व्याह्यांच्या मधुमेहाची फाइल एका पिशवीत आणि डोळ्याची दुसऱ्या पिशवीत असते. साखरेच्या डॉक्टरांना डोळा माहीत नसतो आणि डोळ्याच्या डॉक्टरांना पायाची जखम. दोन्ही फाइली उद्याच एका पिशवीत घाल. वर एक कोरा कागद लाव आणि त्यावर गेल्या वर्षभरातले सगळे ताप, गळवं, काढलेल्या दाढा, लावलेल्या सलाईन, लघवीचा त्रास आणि घेतलेली अँटिबायोटिक महिन्यासकट लिहून ठेव. डोळ्याला काही झालं की तो कागद आधी टेबलावर ठेवायचा, मग खुर्चीत बसायचं.